तिच्या वेळेचं घड्याळ

ही हकीकत लिहायची परवानगी नातीनं दिली ती एका अटीवर. म्हणाली, "आजोबा, लिहा. पण चोर घालू नका, ताप घालू नका आणि माझा पाय मोडू नका." आता मला ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे, मी कोपऱ्यावर जाऊन आलो तरी वाटेत एखादा बैल उधळतोच. चोराशिवाय गोष्ट सांगणं म्हणजे मिठाशिवाय जेवण वाढणं. पण शब्द दिलाय, तेव्हा जे झालं तेवढंच सांगतो. खरं तर काही झालंच नाही, आणि सगळं रामायण त्याचंच आहे.

नातीला घरात लंबक म्हणतात. तिच्या बापाचं, म्हणजे माझ्या मुलाचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही. ती एवढीशी असताना बाप तिला दुकानातल्या फळीवर बसवून काम करायचा आणि ती दिवसभर पाय हलवत बसायची. मागं भिंतीवर घड्याळं हलताहेत, पुढं ही हलतेय. गिऱ्हाईक म्हणायचं, हे घड्याळ केवढ्याला? त्यावरून लंबक. पुढे पोरीची उंची वाढली, फळीवर बसली की पाय जमिनीला टेकायला लागले, पण नाव काही सुटलं नाही.

मुलाचा एक नेम आहे, तो आधी सांगायला हवा. दुकानाला दोन भिंती. रस्त्यावरून दिसते ती समोरची, आणि पडद्यामागच्या खोलीतली आतली. दुरुस्त झालेलं घड्याळ आधी आतल्या भिंतीवर टांगायचं, आठवडाभर त्याच्यावर नजर ठेवायची. ते पुढे पळत नाही, मागे रेंगाळत नाही अशी खात्री पटली की मगच समोर. त्यामुळे गल्लीतलं कुणीही जाता जाता समोरच्या भिंतीकडे बघून आपलं मनगटी घड्याळ लावून घेतं. मुलाला इतर कशाचा गर्व नाही, पण याचा आहे. बोलतो कमी. लग्नात उखाणा घे म्हणाले तर अर्ध्यात थांबला होता, तो अजून पुरा व्हायचाय.

हे गुण माझ्याकडून गेलेले नाहीत. आमच्या गावच्या शाळेत घड्याळच नव्हतं. ऊन वरून उतरत उतरत खालून तिसऱ्या पायरीवर आलं की सुट्टी. एकदा आम्ही पोरांनी सगळ्यात खालची पायरी मातीनं बुजवून टाकली. शाळा लवकर सुटली. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर तेही खुशीत घरी गेले. अशा माणसाच्या पोटी घड्याळजी निपजला, देवाची करणी.

तर लंबक परीक्षा पास झाली, हव्या त्या विद्यापीठात जागा मिळाली आणि त्याच आठवड्यात तिनं जेवताना जाहीर केलं की ती जागा वर्षभर राखून ठेवता येते, तसं तिनं कळवलंही आहे, आणि हे वर्ष ती परदेशात हिंडणार आहे. समुद्रापलीकडच्या एका थंड देशात फळबागांतून तोडणीचं काम मिळतं, प्रवाशांच्या वसतिगृहात झाडलोट केली की राहायला मिळतं, असं करत गावोगाव जायचं. सूनबाईचा घास हातातच राहिला. मुलगा म्हणाला, आधी शिक, मग फिर. त्यावर ही म्हणाली, शिकल्यावर नोकरी, नोकरीनंतर संसार, मग फिरायचं ते काय गुडघे धरून? सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मी ते टेबलाखाली घेतले.

वाद बरेच दिवस चालला आणि तो घरात राहिला नाही. समोरच्या टेलरमावशी म्हणाल्या, जाऊ द्या, आमची धाकटी बहीण त्याच देशात दिलेली आहे, अडीअडचणीला आहे. शेजारचा सलूनवाला म्हणाला, एवढी हौस असेल तर मामाच्या गावाला पाठवा, वर्ष कशाला वाया घालवता. हे दोघं दुकानात उभे असतानाच लंबक फळीवर हात आपटून म्हणाली होती, "वर्ष पुरं झाल्याशिवाय मी या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही." अठराव्या वर्षी माणूस असंच बोलतो. मी अठराव्या वर्षी काय बोललो होतो ते सांगायला बसलो तर ही हकीकत बाजूलाच राहील.

मुलानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एक दिवस दुकान उघडलं तर समोरच्या भिंतीवर दुसरं घड्याळ. लाकडी चौकटीचं, गोल तबकडीचं, जुन्या सुट्ट्या भागांतून त्यानं स्वतः जुळवलेलं. त्यात वाजले होते भलतेच. त्या देशातले. समोरच्या भिंतीवर एकच वेळ, हा आयुष्यभराचा नेम त्यानं पोरीसाठी मोडला होता. लंबकनं ते बघितलं आणि तोंड फिरवून शटरचं कुलूप चाचपत राहिली. रडत होती, पण आम्ही कुलूपच बघतोय असं दाखवलं.

मावशींनी तिला जाड कोट शिवून दिला. आतून खिसेच खिसे. एक चोरखिसा तर इतका बेमालूम बसला की नंतर तो मावशींनाही सापडेना. सलूनवाल्यानं वर्षभर टिकेल अशा बेतानं केस कापून दिले. ती गेली आणि गल्लीला एक नवाच चाळा लागला. जो तो त्या घड्याळाकडे बघायचा. मावशी दुपारी बटणं लावता लावता विचारायच्या, उठली असेल का हो? सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून रस्त्यात यायचा, घड्याळ बघायचा आणि आत जाऊन सांगायचा, आमची पोरगी आत्ता सफरचंदं तोडायला निघाली असणार. आमची म्हणायचा. वर्ष वाया जाईल म्हणणारा हाच.

पहिले काही आठवडे फोन यायचे, फोटो यायचे. शिडीवर चढलेली लंबक, टोपलीशेजारी लंबक. मग फोन तोकडे झाले. ठीक आहे, जेवले, थंडी आहे. सूनबाई म्हणायची, कामात असेल. मुलगा घड्याळाला चावी देताना जरा जास्त वेळ तिथं उभा राहायला लागला.

आणि एका दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, मागचं दार वाजलं. सूनबाईनं उघडलं. दारात लंबक. पाठीवर पिशवी, अंगात मावशींचा कोट, आमच्याकडच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

आम्ही तिघांनी एकच प्रश्न विचारला, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. कुणी त्रास दिला का? नाही. आजारी होतीस? नाही. काही चोरीला गेलं? नाही. सूनबाईनं तिला चाचपून बघितलं, शिडीवरून पडली असेल म्हणून. तेव्हा पोरगी खाली बसली आणि सांगायला लागली. बागेतलं काम संपलं, पुढच्या गावाला जायचं होतं. तिकीट काढून ती स्टेशनात बाकावर बसली. गाडी आली. तिला उठवेना. दुसरी आली, तीही सोडली. चार-सहा जण शेजारी बसले, उठले, चढले. त्या गावात तिला हाक मारणारं कुणी नव्हतं, पुढच्या गावातही नसणार होतं. शेवटी उठली ती उलट्या बाजूच्या फलाटावर गेली, विमानतळाच्या गाडीसाठी.

"कुणी काही केलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "सांगायला तरी काही असतं."

मुलानं उठून तिचा कोट काढून घेतला आणि खुंटीला लावला.

लपवायचं कुणी ठरवलं, याचा निवाडा आमच्यात अजून झालेला नाही. सूनबाई म्हणते, मी फक्त चार दिवस म्हणाले होते. पोरीला श्वास घेऊ दे, मग कावीळ झाली म्हणून सांगू. लंबकला कावीळ नको होती, पण खाली जायची हिंमतही नव्हती. तिचं एकच म्हणणं, मावशींना तोंड कसं दाखवू? चार दिवसांचे पुढे किती झाले ते मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत राहिली. अनवाणी चालायची. कपडे आतच वाळत. दुकानात गिऱ्हाईक असलं की नळ सोडायची नाही, कारण पाण्याचा पाइप दुकानाच्या भिंतीतून उतरतो आणि त्याचा आवाज खाली स्पष्ट येतो.

मग तिनं एक युक्ती काढली. दुकानातली सगळी टोल्यांची घड्याळं तासाला एकदम वाजतात, त्या गजरात माणसाला शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तेवढ्यात ती जे काय करायचं ते उरकून घ्यायची. एकचा टोला पडला की फक्त खोकून घ्यायची. चारला खाट सरकवायची. आणि बाराला, टोले सगळ्यात जास्त म्हणून, नळ सोडून केस धुवायची. मी आधी हसलो. हसण्यासारखंच होतं. पण एकदा बारा वाजून गेले आणि ती डोक्यावर साबण तसाच ठेवून, नळ बंद करून, भिंतीला टेकून एकच्या टोल्याची वाट बघत उभी राहिलेली मला दिसली. साबण डोळ्यात जात होता. ती पुसतसुद्धा नव्हती. तेव्हापासून मला ते टोले गोड लागले नाहीत.

मी आपला माझ्या परीनं तिला धीर द्यायला गेलो. माझा एक चुलतभाऊ शहरात नशीब काढायला म्हणून वाजतगाजत निघाला होता. सगळा गाव वेशीपर्यंत पोचवायला गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताना पठ्ठ्या परत. का? तर उशी विसरली. उशी घेतली आणि झोपला तो कायमचा गावातच. ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली असेल, दर वेळी हशा. लंबकनं ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "तुमच्या गोष्टीत सगळे हसतात, आजोबा. त्या काकांना कधी विचारलंत?" नव्हतं विचारलं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी तिथून उठलो.

खाली गल्ली चालूच होती. लोक विचारायचे, सूनबाई सांगायची, हो, काल फोन आला होता, मजेत आहे. आधी चाचरत सांगायची, मग सराईतपणे, मग त्यात बर्फसुद्धा पडायला लागलं. मी सलूनमध्ये दाढीला बसायचो तो तोंड मिटून. मला गप्प बसलेला बघून सलूनवाल्यानं कपाळाला हात लावून बघितला. आणि मुलगा? तो खोटं बोलला नाही. कुणी विचारलं की काम करणाऱ्या डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून दुसरा डोळा मिटून घ्यायचा. फक्त त्या दुसऱ्या घड्याळाला नेमानं चावी द्यायचा. ते बंद पडलं असतं तर गल्लीनं कारण विचारलं असतं. ते चाललं की पोरगी तिकडं आहे असा अर्थ होत होता, आणि ते चालवणारा तोच. दिवसेंदिवस माझ्या मुलाची मान खाली गेलेली मी बघत होतो. घड्याळ जुळवताना माणसाची मान खालीच असते, पण ही तशी नव्हती.

एक दिवस दुपारी टेलरमावशी मनगटी घड्याळात सेल घालून घ्यायला आल्या. मी फळीशी बसलेलो, सलूनवाला दारात टेकून उभा. मावशी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, भाऊ, तुमचं ते घड्याळ तासभर पुढे आहे हो.

मुलानं भिंग काढलं. म्हणाला, या भिंतीवरचं घड्याळ आजवर पुढे गेलेलं नाही.

मावशी म्हणाल्या, आत्ताच बहिणीशी बोलून आले. तिकडं थंडी लागली की सगळा देश आपली घड्याळं तासभर मागे घेतो. हिवाळा संपला की परत पुढे. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. आमच्याकडे असलं कधी झालेलं नाही. घड्याळाचं चाक, काटा, केसाएवढी स्प्रिंग सगळं त्याला माहीत, पण नीट चाललेलं घड्याळ लोक हातानं चुकवतात, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. तो म्हणाला, बरोबर चाललेल्या घड्याळाला मागे कोण घेईल, मावशी? ते घड्याळ मी केलंय. ते चुकत नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. बाकी सगळं हातातून गेलं होतं, तेवढं एक खरं उरलं होतं त्याच्याकडे.

मावशींचा आवाज मात्र उतरला. म्हणाल्या, भांडत नाही हो मी. पण मग पोरीनं कसं नाही सांगितलं? रोज फोन येतो ना?

मुलानं भिंग फळीवर ठेवलं. सलूनवाला मदतीला धावला, भल्या मनानं. म्हणाला, त्यात काय, आत्ताच लावा फोन. घड्याळ चुकलं म्हणजे तासभरच, जागी असेल पोरगी.

मुलानं फोन उचलला. तो लावला असता तर आमच्या डोक्यावरच वाजला असता. तो अंगठा उचलून तसाच उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आयुष्यभर तोंडाची टकळी चालवलेला मी, फळीवरचे सुटे स्क्रू मोजत बसलो.

आणि जिना वाजला. टोले पडायला अवकाश होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आवाज करत चालत होती, एकेक पायरी. पडदा बाजूला झाला. घरातले कपडे, ओले केस, डोळे जमिनीवर.

"मावशी, घड्याळ चुकलंय," लंबक म्हणाली. "बाबांना कुणी सांगितलंच नाही. सांगायला मी तिथं नव्हते."

"मग कुठं होतीस?"

"वर."

मावशींनी छताकडे बघितलं. सलूनवाल्यानंही बघितलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, तरीच, मला वाटायचं आजोबांना बरोबर बाराला आंघोळ लागते. बोलला आणि त्यानं जीभ चावली. कुणीही हसलं नाही. मीही नाही.

काय झालं गं, असं मावशींनी विचारलं, आमच्यासारखंच. ती म्हणाली, "काही नाही झालं. भीती वाटली, परत आले. नंतर तुमची भीती वाटली."

मावशी म्हणाल्या, "माझ्या बहिणीनं तुझ्यासाठी खोली झाडून ठेवलीय. मीच सांगत होते तिला, येईल, आज येईल, उद्या येईल. ती दर सुट्टीला स्टेशनात जाऊन उभी राहते."

एवढं बोलून त्या गेल्या. मनगटी घड्याळ फळीवरच राहिलं. मग सगळ्या भिंतीनं टोले दिले आणि ते संपेपर्यंत आम्ही चौघेही जमिनीकडे बघत होतो. गोष्टीत अशा वेळी कुणीतरी कुणाला जवळ घेतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. सूनबाई जिन्यातच बसून राहिली होती, तिला खाली यायचं धाडस झालं नाही.

मुलानं स्टूल ओढलं, वर चढून ते घड्याळ उतरवलं आणि आतल्या भिंतीवर नेऊन टांगलं. परत येऊन कामाला बसला. मागे न बघता म्हणाला, मावशींचं घड्याळ देऊन ये.

ती गेली. रस्ता तो केवढा, पण तो ओलांडायला तिला जेवढा वेळ लागला तेवढा तिला समुद्र ओलांडायलाही लागला नसेल. मावशींनी घड्याळ घेतलं. फोन लावून तिच्या हातात दिला. लंबकनं त्या न पाहिलेल्या बाईची माफी मागितली, मशीनशेजारी उभी राहून, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. पलीकडून काय आलं ते तिनं आम्हाला आजवर सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. माझ्यासारख्यानं न विचारणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

उरलेलं वर्ष ती दुकानात बसली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, अगं, परत कधी आलीस, काय झालं? आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची, काही झालं नाही, राहवलं नाही, आले. कावीळ तिनं कुणालाच सांगितली नाही. काही जण हसले. एकानं तर, उंबऱ्यात पाऊल ठेवणार नव्हतीस ना, हेही ऐकवलं. तिचे कान बापासारखेच लाल व्हायचे. पण ती पडद्यामागे गेली नाही. मी तिच्या शेजारी बसायचो. चुलतभावाची उशी मी त्यानंतर कुणाला सांगितलेली नाही, आज लिहिली ती तिला विचारून.

विद्यापीठ सुरू व्हायची वेळ आली तेव्हा टेलरमावशींचा निरोप आला, कोट घेऊन ये, हात तोकडे झाले असतील, तिकडं गारठा असतो म्हणतात. तोवर त्या तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या. बाह्या लांब करताना चोरखिसा एकदाचा सापडला. रिकामाच होता. दोघी त्यावर जरा हसल्या म्हणे. मी तिथं नव्हतो, ऐकीव सांगतोय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लंबक दुकानात उभी होती. ते दुसरं घड्याळ अजून आतल्याच भिंतीवर आहे. बिनचूक चालतं, महिने उलटले, मुलगा ते समोर आणत नाही. समोर त्याच्या जागी नुसता खिळा. तेव्हापासून तिनं त्या बाजूला मान वळवलेली मी बघितली नव्हती. त्या संध्याकाळी वळवली.

"बाबा, तो खिळा तरी काढून टाका," ती म्हणाली.

मुलानं भिंग लावलेल्या डोळ्यानंच वर बघितलं. म्हणाला, "काढून काय, भोक राहतंच."

ती हो म्हणाली, आणि पिशवी भरायला वर गेली. जिन्यावर पाय वाजवत.